जुना रिसीव्हर भंगारात कशाला?

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोलीच्या गोदामांतून नवी उपकरणे घरोघरी जातात. नवे आले की जुने भंगारात, हा रिवाज मात्र तपासून पाहिला पाहिजे.

होम थिएटरच्या रिसीव्हरचेच उदाहरण घ्या. तो दोन कामे करतो. सांकेतिक रूपातील ध्वनी उलगडून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढणे, हे पहिले. तो वाटा विवर्धकाने, म्हणजे अँप्लिफायरने, बलवान करणे, हे दुसरे. 2012 साली डॉल्बी अ‍ॅटमॉस आले आणि जुन्या यंत्रांचे पहिले काम मागे पडले. दुसरे नव्हे!

नव्या रिसीव्हरला ‘प्री-आउट’ असेल, तर तेथील क्षीण संकेत जुन्याच्या ‘लाइन-इन’मध्ये देऊन त्यावर मागचे दोन स्पीकर चालवता येतात. जुने यंत्र साध्या स्टीरिओवर ठेवावे, त्याच्या आवाजाचे बटण एका खुणेवर स्थिर करावे. दोन विवर्धकांची स्पीकरकडे जाणारी टोके मात्र एकमेकांना कधीही जोडू नयेत. दोन्ही यंत्रे जळू शकतात. जोडणी वीज बंद करून, जाणत्यांच्या देखरेखीखालीच करावी.

जुने यंत्र जादा वीज घेते, हे खरे. म्हणून ते गरजेपुरतेच लावावे. पण यंत्राचा कोणता भाग कालबाह्य झाला, हे विचारल्याशिवाय ते टाकणे शास्त्रीय वृत्तीला शोभत नाही.