ओहोळाला गटार म्हणू नका

‘फादर, ते गटार एकदा साफ करून घ्या, फार वास मारतो,’ अशी तक्रार घेऊन धर्मग्रामातील काही मंडळी मध्यंतरी आमच्याकडे आली. ज्याला ती गटार म्हणत होती, तो तुंगारेश्वराच्या डोंगरातून उतरणारा ओहोळ. त्यांच्या आजोबांनी त्यात मुठे पकडले, आज्यांनी कपडे धुतले. पुढे ओहोळाचा नाला झाला, नाल्याचे गटार झाले; आणि एकदा गटार हे नाव पडले की त्यात काहीही टाकताना हात कचरत नाही. पाण्याआधी शब्द नासला.

कायदा आपल्याहून सुज्ञ आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने ‘प्रवाह’ या संज्ञेत नदीबरोबर प्रत्येक जलमार्ग धरला आहे. मग तो वाहता असो वा तूर्त कोरडा. उन्हाळ्यात आटणारा आपला ओहोळही त्यात आला.

‘पाणी तपासले, अहवाल चांगला आहे,’ असे सांगून कोणी आपले समाधान करू पाहील. आम्ही विचारतो, बाटली केव्हा भरली? भर पावसात भरली असेल, तर घाण पातळ झालेली असते. भर दुपारी भरली असेल, तर शेवाळाने उन्हात सोडलेला प्राणवायू पाण्यात असतो; पहाटे तो तळाला जातो. सांडपाणी कुजविणारे जिवाणू तोच प्राणवायू फस्त करतात. स्नानायोग्य पाण्यात दर लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पण बाटली एका क्षणाची साक्ष देते, वर्षाची नव्हे.

वर्षाची साक्ष दगडाखाली राहणारे जीव देतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्ले महिनोन्महिने पाण्यात वाढतात. प्राणवायू घटला की ती प्रथम नाहीशी होतात. मागे उरतात लाल अळ्या आणि गाळातील बारीक किडे. या जीवांच्या कुळांना सोशिकतेनुसार १ ते १० गुण देऊन प्रवाहाचे आरोग्य ठरविण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली. आपल्या केंद्रीय मंडळानेही ती येथील जीवांनुसार बेतून घेतली आहे. नाजूक जिवांना अधिक गुण, चिवटांना कमी. या साक्षीदारांना लाच देता येत नाही.

आणि उपाय म्हणून आपण काय मागतो? काँक्रीट! तळाला आणि काठांना सिमेंट लावले की दगड गेले, झिरपणे संपले, काठची झाडे तुटली. सावली गेली की पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पावसाचे पाणी वेगाने पुढे ढकलले जाते, ते सखल भागात तुंबते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, ते दिवस इतक्या लवकर विसरावेत काय? रुग्णाला शवपेटीत निजवून तो बरा झाला असे म्हणण्यापैकीच हे आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पावसाळा ओसरला की युवकांनी एक बारीक जाळी आणि पांढरी थाळी घेऊन ओहोळात उतरावे. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरावी, वरचे दगड पायाने हलवावेत, आलेले जीव थाळीत ओळखून मोजावेत आणि पुन्हा पाण्यात सोडावेत. एक जागा वस्तीच्या वर, एक खाली; दरवर्षी त्याच जागा, तोच महिना. दोन नोंदींतला फरक म्हणजे आपल्या वस्तीने केलेली करणी. ती वही घेऊन मग अधिकाऱ्यांच्या दारी जाऊ. रिकाम्या हातांनी गेलेल्यांची बोळवण करणे सोपे असते.

परंतु त्याआधी प्रत्येकाने आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे पाहावे. आम्हीही पाहिले. आमच्या निवासाच्या मागील नळी त्याच ओहोळात उतरत होती. आधी ती बंद केली, मगच हा लेख लिहावयास घेतला.