विश्लेषण : वर्षानुवर्षे मुरवलेली ‘इम्पिरियल स्टाउट’ खरोखर चांगली लागते का?

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, अमेरिकेतील ‘ब्लॅक फ्रायडे’ला, शिकागोच्या ‘गूज आयलंड’ या कंपनीची ‘बोर्बन काउंटी’ ही स्टाउट बाजारात येते. १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली ही काळीभोर बिअर घेणारे अनेक जण ती लगेच पीत नाहीत, तर जपून ठेवतात. बाटली जितकी जुनी तितकी चव भारी, असा समज त्यामागे आहे. या समजावरच जुन्या बाटल्यांचा एक समांतर बाजार उभा राहिला. बाटलीत नेमके काय घडते आणि हा समज कितपत खरा, याचा हा वेध.

इम्पिरियल स्टाउट म्हणजे काय?

स्टाउट म्हणजे जड आणि तीव्र बिअर, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सर्वाधिक परिचित असलेल्या ‘गिनेस ड्राफ्ट’मध्ये जेमतेम ४.२ टक्के अल्कोहोल असते. तिचा काळा रंग भाजलेल्या बार्लीतून येतो, त्याचा तीव्रतेशी संबंध नाही.

‘इम्पिरियल स्टाउट’ ही वेगळी गोष्ट. अठराव्या शतकात लंडनच्या साउथवर्क भागातील थ्रेल यांच्या अँकर ब्रुअरीतून तीव्र स्टाउट रशियाला जात असे. कॅथरीन द ग्रेट यांच्या दरबारात तिला मागणी होती, म्हणून पुढे ‘इम्पिरियल’ म्हणजे शाही हे विशेषण चिकटले. १७८१ मध्ये ही ब्रुअरी बार्कले आणि पर्किन्स यांच्याकडे गेली, तरी ही स्टाउट सुरूच राहिली. आज या प्रकारात साधारण ८ ते १४ टक्के, काही वेळा त्याहूनही अधिक अल्कोहोल असते.

१९९० च्या दशकात ‘गूज आयलंड’चे ग्रेग हॉल यांनी अशी स्टाउट बोर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत भरली. अमेरिकी नियमानुसार बोर्बनसाठी दर वेळी ओक लाकडाचे नवे, आतून जाळलेले पिंप लागते. त्यामुळे वापरलेली पिंपे सहज उपलब्ध होती. लाकडातून व्हॅनिला, खोबरे, कॅरामल अशा छटा बिअरमध्ये उतरतात.

पिंपात मुरणे आणि बाटलीत मुरणे यांत फरक काय?

इथेच ग्राहकांचा गोंधळ होतो. पिंपातील मुरवण ब्रुअरीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. ते वेळोवेळी चव घेतात, वेगवेगळी पिंपे मिसळतात, बिघडलेले पिंप बाजूला काढतात. बाटली भरली जाते तेव्हा त्यांच्या मते बिअर पिण्यास तयार असते.

त्यानंतर घरच्या कपाटात जे होते, त्यावर कोणाचेही नियंत्रण नसते. तिथे बिअर नवे काही मिळवत नाही, आत जे आहे तेच बदलत जाते. म्हणून ‘सुधारते की बिघडते’ यापेक्षा ‘काय जाते आणि त्या बदल्यात काय येते’ हा प्रश्न अधिक नेमका आहे.

बाटलीत नेमके काय बदलते?

सर्वात आधी हॉप्सचा सुगंध जातो. मग कडवटपणा कमी होतो, कारण हॉप्समधील कडू घटक काळानुसार विघटित होतात. फळांसारखा वास देणारी काही संयुगेही घटतात. अल्कोहोलचा घशाला होणारा चटका सौम्य वाटू लागतो. ताजेपणी अंगावर येणारी स्टाउट वर्षभराने गोलाईदार का लागते, याचे उत्तर यात आहे.

दुसरीकडे ऑक्सिडेशन सुरू असते. झाकण कितीही घट्ट असले, तरी बाटलीत थोडा ऑक्सिजन असतोच आणि झाकणाच्या अस्तरातूनही तो हळूहळू शिरतो. फिक्या लागर बिअरमध्ये त्यामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि ती टाकून द्यावी लागते. गडद स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टमधील घटक या बदलाला काही काळ झाकतात. तिथे खजूर, मनुका, काकवी, शेरी वाइन अशा छटा तयार होतात. जुन्या स्टाउटचे चाहते यासाठीच थांबतात.

मात्र हा टप्पा कायम राहत नाही. तळाशी यीस्ट असेल तर मृत पेशी फुटून सोया सॉससारखी खारट, मांसल चव उतरते. अंगातला दाटपणा जातो आणि शेवटी पुठ्ठाही जाणवू लागतो. लोणचे मुरते आणि लोणचे उतरते, यांत जेवढा फरक तेवढाच इथेही.

सर्वच तीव्र स्टाउट मुरतात का?

नाही. कॉफी, व्हॅनिला, मिरची, खोबरे किंवा फळे घातलेल्या स्टाउट गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने आल्या. त्यांची खासियत हे वरून घातलेले सुगंधच असतात आणि तेच लवकर विरतात. कॉफीच्या जागी काही महिन्यांत हिरव्या मिरचीसारखा वासही येऊ शकतो. अशा बाटल्या लगेच उघडणेच शहाणपणाचे.

मुरण्यास योग्य असते ती भरपूर माल्टची, दहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोलची, पुरेशी कडू आणि वरून सुगंध न घातलेली स्टाउट. तिच्याबाबतही एक ते तीन वर्षे हा बहुतेकांसाठी सुरक्षित काळ. ‘बोर्बन काउंटी’च्या लेबलवरही बाटलीत पाच वर्षांपर्यंत बदल होत राहतो, असेच म्हटले आहे, दहा किंवा पंधरा नव्हे.

लेबलवरील तारखेचा मात्र फारसा आधार नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमांनुसार दहा टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांना ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ असे छापण्याची सक्ती नाही. पेय आरोग्याला घातक होत नाही, एवढाच याचा अर्थ. चव टिकेल, अशी ती हमी नव्हे.

२०१५ च्या बाटल्यांचे काय झाले?

तीव्र बिअरमध्ये जंतू टिकत नाहीत, या समजाला २०१५ मध्ये धक्का बसला. त्या वर्षीच्या ‘बोर्बन काउंटी’च्या काही प्रकारांत आंबटपणा आढळला. तपासणीत ‘लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स’ हा जिवाणू सापडला. कंपनीने २०१६ च्या सुरुवातीला ग्राहकांना पैसे परत देऊ केले आणि त्या वर्षापासून बिअर पाश्चराइज करण्यास सुरुवात केली.

यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमधील संशोधक क्लाउसेन यांनी दाखवून दिले, की इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या बिअरची खास चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते. त्यांनी त्याला ‘ब्रेटॅनोमायसिस’ म्हणजे ब्रिटिश बुरशी असे नाव दिले. म्हणजे त्या काळची ‘मुरलेली’ चव हीसुद्धा बाहेरून शिरलेल्या सूक्ष्मजीवाची देणगी होती. आजची पाश्चराइज केलेली स्टाउट जैविकदृष्ट्या शांत असते. तिच्यात बदल होतो तो मुख्यतः रासायनिक.

जुन्या बाटल्यांचा बाजार कोणाच्या फायद्याचा?

‘ठेवा, अजून चांगली होईल’ या समजामुळे ग्राहक एका वेळी अनेक बाटल्या घेतो आणि टंचाईची भावना तयार होते. ‘गूज आयलंड’ला २०११ मध्ये अनहॉयझर-बुश या बलाढ्य कंपनीने सुमारे ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेतले, त्यामागे अशा नावाजलेल्या बिअरचे आकर्षणही होते. परवान्याशिवाय मद्यविक्री अमेरिकेत सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. त्यामुळे जुन्या बाटल्यांच्या खासगी व्यवहारात ग्राहकाला दाद मागता येत नाही. बाटली कुठे, किती उष्णतेत होती, हेही कळत नाही.

आता चित्र बदलते आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये नव्या सुरू झालेल्या क्राफ्ट ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. मागणी थंडावली की ‘गुंतवणूक’ म्हणून ठेवलेल्या बाटलीचे मोल तिच्या चवीइतकेच उरते.

साठवावी कशी, चाखावी कशी?

बाटली अंधारात, १० ते १३ अंश सेल्सियसला आणि उभी ठेवावी. वाइनची बाटली बूच ओले राहावे म्हणून आडवी ठेवतात. बिअरच्या पत्र्याच्या झाकणाला त्याची गरज नसते, शिवाय उभ्या बाटलीत गाळ तळाशी बसतो.

चाखताना ती बर्फासारखी गार नसावी; १२ ते १५ अंशांना सुगंध खुलतो. तोंडाशी निमुळत्या पेल्यात प्रत्येकी ५० ते १०० मिलिलिटर पुरे. फरक कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या एकत्र उघडून, लेबल झाकून, ताज्यापासून जुन्याकडे जाणे. आश्चर्य म्हणजे अशा वेळी ताजी बाटलीही बाजी मारू शकते.

प्रमाणाचे भान हवेच. १४ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बाटलीत ७० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या चारहून अधिक बाटल्यांइतके ते भरते. ही बाटली चार-पाच जणांत वाटूनच घ्यायची.

भारतातील चाहत्यांसाठी याचा अर्थ काय?

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत ‘स्ट्राँग बिअर’ म्हणजे पाच ते आठ टक्के अल्कोहोलची बिअर. १२-१४ टक्क्यांची स्टाउट या चौकटीबाहेरची, त्यामुळे ती येथील दुकानांत सहसा दिसत नाही. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलली’ सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात रुजलेल्या मायक्रोब्रुअरींत स्टाउट मिळते, पण ती ताजी पिण्यासाठी असते. मुरवण्याजोगी बाटली बहुधा परदेशातून येणाऱ्यांच्या सामानातूनच येते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

त्यापुढची अडचण हवामानाची. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. या ढोबळ हिशेबाने १२ अंशांच्या तळघरात चार वर्षांत होणारा बदल ३२ अंशांच्या कपाटात एका वर्षात उरकतो आणि त्यात पुठ्ठ्याचा वाटा मोठा असतो. नागपूरचा उन्हाळा किंवा मुंबईतील बंद फ्लॅट यांत बाटली मुरत नाही, नुसती म्हातारी होते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही, त्यांनी ती आणल्यानंतर लवकर उघडणेच हिताचे.