नवऱ्याचा शर्ट, बाईचं माप

ऊसतोडणीला गेलेल्या बाईच्या कपड्यांकडे कधी नीट पाहिलंय? अंगावर पाचवारी साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि मोळी उचलायची वेळ आली की त्यावर चुंबळ. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, केज या तालुक्यांतून टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्या टोळ्यांतल्या बायकांचा हाच वेश असतो. तो त्यांना कुणी नेमून दिलेला नाही. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते, त्याची कूस अंगात रुतते, पहाटेचं दव अंग भिजवतं. बायकांनी आपल्या अंगाचा विचार केला आणि घरात जे होतं त्यातून उपाय काढला.

शहरात हल्ली 'प्रत्येक शरीरासाठी कपडा' अशी भाषा ऐकू येते. स्वतंत्रपणे काम करणारे डिझायनर एकेका व्यक्तीसाठी एकच नग बनवतात. जाड बाईसाठी, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीसाठी, स्वतःला बाई किंवा पुरुष अशा चौकटीत न बसवणाऱ्यांसाठी. हे चांगलंच आहे. तयार कपड्यांच्या ठरीव मापांनी बायकांना आपल्याच शरीराची लाज वाटायला लावली, तिला हे उत्तर आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही कल्पना प्रदर्शनाच्या दालनात अडकून पडता कामा नये. तिची सगळ्यात जास्त गरज उसाच्या फडात आहे.

नवऱ्याचा शर्ट बाईला पुरत नाही. खांदे उतरतात, बाही दुमडली की पुन्हा सुटते आणि कोयता चालवणाऱ्या हाताला अडते. छातीवर बटणं ताणतात, पोटाशी घोळ साठतो. तान्हं मूल पाजायचं तर सगळी बटणं उघडावी लागतात. खिसा आहे, पण तो वाकून काम करताना रिकामा होणारा. म्हणून पैसे अजून कनवटीला आणि मोबाइल ब्लाउजमध्ये.

आणि परकर. दिवसभर वाकणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, हे सगळं कमरेला काचणाऱ्या नाडीवर. नाडीचा काळा वळ कष्टकरी बायकांच्या कमरेला दागिन्यासारखा कायमचा असतो. तो निरुपद्रवी आहे असं समजू नका. धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच केली होती. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेच्या जुन्या जखमेतून कर्करोग झालेल्या दोन बायकांची हकीकत 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये मांडली. त्यांतली एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. असा कर्करोग क्वचितच होतो. पण सोलवटलेली, खाजणारी, चिघळणारी कंबर घेऊन काम करणं क्वचित नाही. ते इतकं सर्रास आहे की त्याला दुखणं म्हणायचंही आपण विसरलो आहोत.

'जुनं तेच चांगलं होतं' असं मी म्हणणार नाही. लुगड्याची गाठही काचतेच. पण जुन्या कपड्यात एक शहाणपण होतं. समोर गाठ मारायची खणाची चोळी दिवस गेले की सैल बांधता येई आणि मूल पाजताना सोडता येई. काष्टा घातलेल्या नऊवारीत बाई वाकू शकत होती, झाडावर चढू शकत होती. बाईचं शरीर महिन्याला, वर्षाला बदलतं, हे त्या कपड्याला ठाऊक होतं. आजच्या ठरीव मापाला ते ठाऊक नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. या आकड्यांवर खूप बोललं गेलं, समिती बसली, अहवाल आला. पण पोटावर टाके घेतलेली बाई पुन्हा फडात उभी राहते, तेव्हा परकराची नाडी कुठं बांधते, हा प्रश्न कुठल्या अहवालात विचारला जात नाही. पाळीच्या दिवसांत घडी बदलायला आडोसा नाही, पाणी नाही, खाडा केला तर पैसे कापले जातात. अशा वेळी अंगावरचा कपडा हाच बाईचा एकमेव आडोसा असतो. तोसुद्धा तिच्या मापाचा नसावा?

तो नसण्याचं कारण सरळ आहे. फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल मुकादमाकडून पुरुषाच्या हातात पडते आणि हिशेबही त्याच्याच नावावर होतो. बाई म्हणजे अर्धा कोयता! जिच्या नावाचा हिशेब नाही, तिच्या मापाचा कपडा कुठून येणार? तिनं नवऱ्याचं नाव वापरायचं आणि नवऱ्याचाच शर्ट.

मग हे कपडे शिवायचे कुणी? कुठल्याही वाडी-वस्तीवर जा, एखाद्या घराच्या पडवीत शिवणयंत्र असतंच. ते चालवणारी बाई गावातल्या प्रत्येकीचं शरीर ओळखते. एकीचा एक खांदा उतरता आहे, दुसरीला हात मागे नेता येत नाही म्हणून हुक पुढं हवेत, तिसरीचं पोट ऑपरेशननंतर सुजतं, चौथी गरोदर आहे म्हणून शिलाईत दाब जास्त सोडायचा. मुंढा किती खोल, नेफा किती रुंद, हे ती न बोलता ठरवते. एका बाईचा ब्लाउज दुसरीला येत नाही. शहरात यालाच डिझायनर म्हणतात आणि हजारो रुपये मोजतात. गावात तिला 'घरबसल्या चार पैसे मिळवणारी' म्हणतात आणि शिलाईत घासाघीस करतात.

सरकारला यंत्र वाटणं आवडतं. २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत शिंप्याचा धंदा आहे, हत्यारांसाठी १५ हजार रुपयेही आहेत. पण यंत्र मिळालं म्हणजे काम मिळत नाही. एका वस्तीवर दहा यंत्रं आली की दहाजणी त्याच ब्लाउजांसाठी एकमेकींशी भाव पाडत बसतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ऊसतोड बाईला कामाचा कपडा कारखान्याच्या खर्चानं मिळाला पाहिजे आणि तो तिच्या गावच्या शिवणाऱ्या बायकांनी, तिचं माप घेऊन, हंगामाआधी शिवला पाहिजे. मनगटाला बसणारी बाही, पाजण्यासाठी सोय, झाकणाचा खोल खिसा, आणि नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा खांद्यावर पेलणारा परकर. काय हवं ते बायकाच सांगतील. पैसे नाहीत, असं कुणी म्हणू नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे, असं सरकारनं ठरवलेलं आहे. एक कोयता दिवसाला दीड टन ऊस तोडतो. शंभर दिवसांचा हंगाम धरला तर एकेका कोयत्याचे दीड हजार रुपये होतात. दोन धड कपडे त्यात सहज बसतात.

'जिथं पाणी नाही, संडास नाही, तिथं कपड्यांचं काय घेऊन बसलात?' असं काही कार्यकर्त्या मैत्रिणीही विचारतील. पाणी आणि संडासाची मागणी सोडा, असं मी म्हणत नाही. पण गिरणीतला, खाणीतला पुरुष कामगार संरक्षक कपडा मागतो तेव्हा ती कामगाराची मागणी ठरते, आणि बाईनं मागितला की ती हौस कशी ठरते? 'सगळ्यांना एकेक साडी वाटू' हेही उत्तर नव्हे. साडी वाटणाऱ्याला माप घ्यावं लागत नाही. माप घ्यायचं तर बाईच्या समोर उभं राहावं लागतं आणि तिला विचारावं लागतं, 'बाई, तुला कुठं काचतं?'

येत्या हंगामाच्या आधी आपल्या गटांनी हेच करावं. आपल्या वस्तीवरच्या शिवणाऱ्या बाईला आणि तोडणीला जाणाऱ्या बायकांना एकत्र बसवावं, एक कपडा बेतावा, त्याची शिलाई किती व्हायला हवी ते ठरवावं आणि तो कपडा हातात घेऊन कारखान्याच्या दारात जावं. निवेदनांचे कागद कारखान्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. बाईच्या मापाचा कपडा त्यांनी अजून पाहिलेला नाही.