खोक्यावरचे वॅट आणि दहा बाय बाराची खोली

सणाचा हंगाम उलटला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो, यंदाही तोच आहे: विकलेला माल परत येतो आहे. बिघाड काही नाही. वूफर शाबूत, अँप्लिफायर शाबूत. गिऱ्हाईक म्हणते, दुकानात झकास वाजत होता, घरी नुसता घुमतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत, आणि खालच्या फ्लॅटमधून रोज निरोप येतो. कळंबा, फुलेवाडी, आर. के. नगर या बाजूंच्या अपार्टमेंटांतली ही रड आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी दोष कंपनीला दिला आहे, गिऱ्हाइकाला दिला आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही दिला आहे. विकताना आपण खोलीचे माप विचारले होते, असे मात्र एकाही पत्रात लिहिलेले नाही.

विचारले असते तर निम्मे व्यवहार काउंटरवरच सुधारले असते. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बारा, स्लॅब दहा फुटांच्या आसपास. बारा फुटांचा पहिला मोड, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो, 47 हर्ट्झला येतो, दहा फुटांचा 56 ला. रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून 56 वर दोन मोड एकमेकांवर बसतात. नेमक्या याच पट्ट्यात आपण आठ-दहा इंची सबवूफर नेऊन ठेवतो, तोही कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात, कारण दुसरीकडे जागाच नसते. टॉवरचेही तेच. भिंतीपासून तीन फूट पुढे ओढल्यावर सपाट वाजेल असा बेतलेला टॉवर इथे भिंतीला टेकून उभा राहतो आणि खालच्या सुरांना फुकटचा फुगवटा मिळतो. इक्वलायझरने तो कापता येतो हे खरे, पण मोडमुळे ऐकायच्या जागी पडलेला खड्डा इक्वलायझरने भरत नाही. आता ताकदीचे बघू. 86 डेसिबल संवेदनशीलतेची जोडी, ऐकणारा दोन मीटरवर, दोन्ही चॅनेलला एकेक वॅट दिला तर खोलीची मदत न धरताही 83 डेसिबल मिळतात. सरासरी 75 वर ऐकणाऱ्याला वर 20 डेसिबलचे झटके सोडले तरी चॅनेलमागे 16 वॅट पुरतात. खरे 30-40 वॅट म्हणजे या खोलीत चैन झाली.

म्हणून अशा खोलीला छोटी बुकशेल्फ जोडीच सुचवावी. यावर पहिली हरकत येते ती छोट्या बुकशेल्फमध्ये ‘भरीव’ आवाज नाही, ही. कशासाठी भरीव, ते आधी ठरवू. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते ते हे कोल्हापूर. 1883 पासूनचा देवल क्लब अजून इथे आहे. काळी एकच्या गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो, काळी चारला गाणाऱ्या बाईंचा 104 च्या. जुन्या 78 च्या तबकड्यांत तर तळाचा भाग मुळातच तुटपुंजा. सव्वापाच इंची वूफरचा बरा बुकशेल्फ 60 पर्यंत नीट उतरतो, आणि भिंतीजवळ ठेवल्यावर जो आधार मिळतो त्याने त्याची उणीव बरीच भरून निघते. ख्याल, भावगीत, नाट्यसंगीत, जुनी सिनेमाची गाणी यांत त्याला कमी काही पडत नाही. तरण्या गिऱ्हाइकाला ठोका हवा असतो, हेही मान्य. ‘नाद खुळा’ म्हणणाऱ्या गावात डॉल्बीच्या भिंतीपुढे तयार झालेला कान एका दिवसात बदलत नाही. त्याला बंद पेटीचा लहान सब जरूर द्या, पण आधी जोडी बसू द्या. मग जागा बदलून, फोनवर का होईना मोजून, हलक्या हाताने सब जोडा. एका खोक्यात सगळे कोंबलेला सेट त्याच्या गळ्यात मारू नका.

दुसरी हरकत जास्त खरी आहे: गिऱ्हाईक वॅट विचारते, आणि शेजारचा दुकानदार मोठा आकडा दाखवतो. हा आकडा येतो कुठून? पीएमपीओला सर्वमान्य अशी व्याख्याच नाही, कंपनी लिहील तो आकडा. समजा खोक्यावर 6,000 वॅट छापले आहेत आणि आत अडॅप्टर निघतो 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा. म्हणजे भिंतीतून येणार 24 वॅट, त्यातले थोडे उष्णतेत जाणार, आणि उरलेल्यातून सहा हजार निघणार! सरकारला खोक्यावरच्या छपाईशी देणेघेणे नाही असे मात्र समजू नका. 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे किंमत, महिना, पत्ता, ग्राहक सेवा क्रमांक आणि ‘1 एन’ अशी नगसंख्यासुद्धा छापावी लागते, तीही ठरलेल्या उंचीच्या आकड्यांत. खोक्यात एक स्पीकर आहे हे नीट न छापल्याबद्दल वैधमापनशास्त्राचा निरीक्षक दुकानदाराला नोटीस देऊ शकतो. त्याच खोक्यावरच्या सहा हजारांकडे तो बघतही नाही, कारण तो रकाना त्याच्या तक्त्यात नाही. ब्लूटूथ स्पीकर 2020 च्या अधिसूचनेने सक्तीच्या बीआयएस नोंदणीत आले, पण ती शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेची तपासणी. गिऱ्हाईक तो शिक्का पाहून वॅटही सरकारने तपासले असे समजते, आणि आपण समजू देतो. अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरची ताकद कशी सांगावी याचा नियम 1974 पासून आहे. 2024 मध्ये त्यांनी तो आणखी कसला: 8 ओहम, 20 ते 20,000 हर्ट्झ, विकृती 1 टक्क्याच्या आत. त्याचे चार ओळींचे मराठी करून अधिसूचना काढायला दिल्लीला किती वर्षे लागावीत?

आवाजाच्या कायद्याची तऱ्हाही अशीच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. खासगी ध्वनियंत्रणेला हद्दीवर आणखी 5 ची सूट. ही हद्द म्हणजे दोन फ्लॅटमधली चार इंची भिंत की इमारतीचे कुंपण, हे ज्याने त्याने ठरवावे! पण खरी मेख ‘ए’ भारात आहे. 50 हर्ट्झला तो भार 30 डेसिबल वजा करतो. शेजाऱ्याच्या पलंगापाशी 70 डेसिबलचा दणका पोचला तरी मीटर 40 दाखवणार, पोलीस ‘मर्यादेत आहे’ म्हणून जाणार आणि शेजारी जागा राहणार. ‘गिऱ्हाईक नियमात आहे, मग आमचे काय चुकले’ असे दोन पत्रांत लिहिले आहे, त्याला हे उत्तर. नियमात बसणारा सबसुद्धा शेजाऱ्याची झोप घालवतो आणि शेवटी परत येतो तो तुमच्याच दुकानात. तो उघडलेला सेट पडत्या भावाने विकताना, मोठ्या खोक्यात नफा जास्त हा हिशेब पुन्हा मांडून बघा.

तेव्हा दिल्लीची वाट न बघता शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरीतल्या दुकानदारांनी पुढच्या हंगामाआधी एवढे करावेच. विक्रीच्या प्रत्येक जोडीपुढे हाताने लिहिलेले कार्ड ठेवा: आरएमएस वॅट, संवेदनशीलता, 3 डेसिबल खाली आवाज कुठवर उतरतो, भिंतीपासून किती अंतर हवे. कंपनी हे आकडे देत नसेल तर ‘कंपनीने दिले नाहीत’ असे स्पष्ट लिहा. वितरकाला ते वाक्य लवकर दिसते. बिल करण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची बिलाच्या पाठीवर उतरवून घ्या. एक जोडी दोन दिवस घरी नेऊन ऐकायला ठेवा. अनामत घ्या हवी तर, पण ‘डेमो दुकानातच’ ही पाटी काढा, कारण तुमची तीस फुटी शोरूम दहा बाय बाराबद्दल काहीच सांगत नाही. आणि पीएमपीओ छापलेल्या प्रत्येक खोक्याचा एक फोटो, त्याच मालाच्या मागच्या इनपुट लेबलचा दुसरा, असे आमच्याकडे पाठवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस 10 लाखांपर्यंत दंड आहे. केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार आम्ही करू, पण पुरावा तुमच्या गोदामात पडून आहे. फोटो महिनाअखेरपर्यंत यावेत, बॅच नंबर वाचता येईल असे काढलेले.