ईदीच्या पैशांतली तोडफोड

माझी मोठी बहीण हैदराबादला असते. ईदच्या दुसऱ्या दिवशी सोलापूरहून तिच्याकडे जायचे, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता. यंदा माझ्या बारा वर्षांच्या मुलाने रमजानच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकले की, या वेळी ईदीचे पैसे तो साठवणार नाही. हैदराबादला ‘रेज रूम’मध्ये जाणार. आतेभावाने त्याला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात डोक्यावर हेल्मेट घातलेला, हातात बॅट घेतलेला एक तरुण जुन्या टीव्हीचा चक्काचूर करत होता.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पैसे भरायचे, बंद खोलीत जायचे आणि तिथे मांडलेल्या बाटल्या, बश्या, जुने प्रिंटर, टीव्ही मनसोक्त फोडायचे. 2008 च्या सुमारास जपानमध्ये सुरू झालेली ही कल्पना आता हैदराबाद, बंगळुरूपर्यंत आली आहे. थकलेल्या नोकरदारांसाठी निघालेली ही खोली आता मुलांच्या वाढदिवसालाही सुचवली जाऊ लागली आहे. कुठे अठरा वर्षांची अट असते, कुठे पालकांची सही चालते.

मी नाही म्हटले. ‘लागेल कुठेतरी,’ हे कारण दिले. तो म्हणाला, ‘तिथे हेल्मेट देतात, अब्बू. तुम्ही तर हेल्मेटशिवायच रिमोट फोडला.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आदल्या शुक्रवारची गोष्ट. असरची नमाज झाली होती, इफ्तारला तासभर अवकाश होता. पेपर तपासण्याचे गठ्ठे समोर होते आणि हॉलमध्ये टीव्हीचा आवाज. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा उठलो आणि रिमोट भिंतीवर आपटला. सेल एकीकडे, झाकण दुसरीकडे. आतून बायकोने मुलाला दबक्या आवाजात समजावले, ‘अब्बू कू रोजा लगा, चुप बैठ.’

‘रोजा लगा’ हे आमच्या घराघरांतले वाक्य आहे. उपाशीपोटी माणूस चिडला की सगळे त्याला याच वाक्याने माफ करतात. मगरिबच्या आधी रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्यालाही आणि फळवाल्याशी हुज्जत घालणाऱ्यालाही. वास्तविक शिकवण नेमकी उलट आहे. रोज्यात कोणी भांडायला आला तर ‘मी रोजेदार आहे’ एवढेच सांगून बाजूला व्हावे, असे हदीसमध्ये आहे. राग आला तर उभ्याने बसावे, तरी गेला नाही तर आडवे व्हावे, वुजू करावे, म्हणजे हात-तोंड-पाय पाण्याने धुवावेत, हेही आहे. हे सगळे मला पाठ होते. रिमोट तरीही फुटला.

आधी सुरक्षिततेचे बोलू, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात. मोठ्यांच्या मापाचे हेल्मेट आणि हातमोजे मुलाच्या अंगावर सैल बसतात, बॅट हातातून सुटू शकते, काच कुठे उडेल ते सांगता येत नाही. पण मला जास्त काळजी न दिसणाऱ्या गोष्टीची वाटते. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसे असते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. बंद खोलीत या वस्तू फुटल्या की त्यांची धूळ आणि वाफ नाकात जाते, धूळ कपड्यांवर बसून घरी येते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते. ज्या वस्तू रीतसर ई-कचऱ्यात जायला हव्यात, त्या आपण मुलांना खेळायला कशा द्यायच्या?

समजा, फक्त मातीच्या कुंड्या ठेवल्या आणि हेल्मेट बरोबर मापाचे दिले, तरीही माझे उत्तर तेच राहील.

राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की मोकळे, असे आपण सहज बोलतो. मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चिडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याच्यावर राग आहे त्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले. 2024 मध्ये बुशमन आणि सोफी क्येर्विक यांनी दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणे यांनी राग कमी होतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकूणात होत नाही, असे त्यांना आढळले. ‘फोडून आल्यावर बरे वाटते’ हे खोटे नाही. बरे वाटते, म्हणूनच पुढच्या वेळी हात पुन्हा काहीतरी शोधतो.

मोठ्या माणसाने पैसे देऊन प्रिंटर फोडावा की नाही, हा त्याचा प्रश्न. त्याला निदान खोलीतले आणि खोलीबाहेरचे वेगळे कळते. मुलाला तेच तर अजून शिकायचे असते, आणि तो ते आपल्याकडे बघून शिकतो. 1961 मध्ये अल्बर्ट बंडुरा यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर प्रयोग केला. एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला मारताना काही मुलांनी पाहिले. पुढे तोच बाहुला समोर आल्यावर त्यांनी तसेच मारले, काहींनी तर तेच शब्दही वापरले. त्यांना कोणी ‘मारा’ म्हटले नव्हते.

मराठी वाचकांना मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग माहीत आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून समजूत काढत राहिली. वर्गात हे शिकलो तेव्हापासून मला ते दृश्य विसरता येत नाही. चिडलेल्या मुलाला दाराबाहेर असे कोणीतरी थांबलेले हवे असते. आपण त्याला आत बॅट देऊन दार लावून घेणार आणि बाहेर मोबाइलवर शूटिंग करणार.

ज्या मुलाचा राग रोजचाच झाला आहे, वस्तू मोडण्यापर्यंत जातो, त्याला समुपदेशकाकडे न्यावे. तिथे जायला आपल्याला लाज वाटते, रेज रूमला वाटत नाही, हे मात्र खरे.

त्या शुक्रवारी तरावीहून परतल्यावर मी मुलाची माफी मागितली. रोज्याचे नाव घेतले नाही. त्याने मान हलवली आणि विचारले, ‘मग हैदराबादला काय करायचे?’ सालारजंग संग्रहालय सुचवले. त्याने तोंड वाकडे केले. वाटाघाटी अजून चालू आहेत. रिमोटला रबर लावले आहे, आवाजाचे बटण तेवढे चालत नाही.