कपाळावरची पट्टी

मागच्या महिन्यात एका दुपारी मी जिमला निघाले होते. सासूबाई सोप्यात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हणी म्याल एन् कट्कोंडीयव्वा? तली नोयाकत्तैतेन?"

आपल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. आमच्या घरात हिशेब आणि भाजीवाल्याशी घासाघीस मराठीत होते, पण सासूबाई घाबरल्या, रागावल्या किंवा लाडात आल्या की कन्नड सुरू होते. मी म्हटले, "अत्ती, डोकं दुखत नाही. घामासाठी आहे." त्यांना ते पटले नाही. त्यांचेही बरोबरच होते. आपल्याकडे बाईने कपाळाला फडके आवळून बांधले की त्याचा अर्थ एकच, अर्धशिशी उठली आहे. सुंठ उगाळा आणि तिला झोपू द्या. अशा अवतारात कोणी आरशापुढे जाऊन चालण्याच्या यंत्रावर चालते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

जिमची पायरी मी हौसेने चढलेली नाही. चाळिशी उलटली, तास उभ्याने घ्यायचा, पेपर बसून तपासायचे, आणि घरी आल्यावर परत ओट्यापुढे उभे राहायचे. गुडघे बोलू लागले म्हणून तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, "साखर सीमेवर आहे, बाई." म्हटले, आम्ही सगळेच सीमेवर आहोत, तिला वेगळे कुठे ठेवणार? पण विनोद तपासणीच्या खोलीपुरताच राहिला. दुसऱ्या आठवड्यात बायकांच्या दुपारच्या बॅचला नाव घातले.

पहिल्या पंधरा दिवसांत पायांपेक्षा डोळ्यांनीच जास्त त्रास दिला. दहा मिनिटे चालले की कपाळावर घामाचे मणी उभे राहत, मग धार लागे. चष्मा नाकावरून घसरे. त्यात मी पिंजर लावणारी. घामाबरोबर पिंजर डोळ्यांत उतरली की डोळे असे चुरचुरत की यंत्राची कड धरून थांबावे लागे. एकदा डोळे मिटून चालताना पाऊल पट्ट्याच्या काठावर पडले आणि मी पडता पडता वाचले. तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी सांगितले, "मॅडम, हेडबँड आणा." शंभर-सव्वाशे रुपयांत मिळाला. टॉवेलच्या कापडाचा, तीन बोटे रुंद, निळा.

सासूबाईंची खरी अडचण संध्याकाळी कळली. डोकेदुखीचा प्रश्न मिटला होता. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "कुंकू दिसत नाही गं."

यावर हसणाऱ्यांनी हसावे. मला हसू आले नाही. सासरे गेल्यापासून त्यांचे कपाळ मोकळे आहे. सुनेचे कपाळ झाकलेले पाहून त्यांच्या पोटात काय झाले असेल, हे शब्दांत विचारायचे नसते. आणि ही एका घराची गोष्ट नाही. आमच्या बॅचमधल्या दोघीजणी पट्टी पर्समध्ये आणतात, जिममध्ये आल्यावर बांधतात, आणि जाताना काढून टिकली लावून घरी जातात. एकीने तर पट्टी आणलीच नाही. घाम डोळ्यांत जातो म्हणून तिने चालणेच कमी केले. दीड वीत कापडावरून बाईचा व्यायाम सुटावा, हे मला मोठे वाटते.

तेव्हापासून मी कपाळाचा विचार करू लागले. मराठीत कष्टाच्या पैशाला आपण निढळाच्या घामाची कमाई म्हणतो. निढळ म्हणजे कपाळच. संस्कृतातला निटिल हा शब्द, जो कन्नडमध्येही आहे. तिकडे बेवरु सुरिसि दुडियोदु म्हणतात, घाम गाळून राबणे. म्हणजे कपाळावरच्या घामाला दोन्ही भाषांत मान आहे. त्याच कपाळावर नशीब लिहिलेले असते असेही दोन्ही भाषा मानतात. इकडे कपाळी लिहिलेले, तिकडे हणेबरह. घाम, नशीब आणि कुंकू, सगळ्यांना राहायला ही चार बोटांची जागा. तिथे पट्टीला जागा मिळायला वेळ लागणारच.

पुरुषांचे तसे नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी मला "रुमाल आण" म्हणून सांगितले. मी घडी घातलेला पांढरा हातरुमाल नेऊन दिला. ते हसत सुटले. कन्नडमध्ये रुमाल म्हणजे डोक्याचा पटका, हे मला तेव्हा माहीत नव्हते! शेतात जाताना ते तोच गुंडाळत. उन्हापासून डोके वाचवायचे, घाम टिपायचा, दुपारी झाडाखाली तेच अंथरायचे, आणि बाजाराच्या दिवशी तीच अब्रू. मुंडासे म्हणा, फेटा म्हणा किंवा टावेल म्हणा, घाम डोळ्यांत उतरू न देणारी पट्टी आपल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधली. तिला कोणी डोकेदुखी म्हटले नाही.

बायकांनीही बांधली, पण तिला नाव मिळाले नाही. निपाणीत वाढलेल्यांना तंबाखूच्या वखारी सांगायला नकोत. तंबाखू चाळायची, निवडायची, भरायची. वखारीत भुकटी उडते, उकाडा असतो. कामाला जाणाऱ्या बायका नाका-तोंडावरून आणि कपाळावरून फडके घट्ट बांधतात. 1980च्या सुमाराला याच बायका मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी संघटित झाल्या. युगांतर या चित्रपट-गटाने, ज्यात दीपा धनराज होत्या, 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला. त्या कापडाकडे कोणी फॅशन म्हणून पाहिले नाही आणि कुंकू झाकले म्हणून त्यांना कोणी हटकल्याचे मी ऐकले नाही. पोटासाठी बांधले तर चालते, तब्येतीसाठी बांधले तर भुवया वर जातात.

आता थोडे शास्त्र. माणसाच्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि कपाळावर त्या दाट असतात. घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी, त्यात मीठ. डोळा चुरचुरतो तो त्या मिठाने. देवाने भुवया दिल्या आहेत त्या घाम बाजूला वळवायलाच, पण व्यायामाची धार त्यांना आवरत नाही. एक गैरसमज इथेच काढून टाकू. पट्टीने घाम कमी येत नाही आणि अंगही गार होत नाही. अंग गार होते ते घाम वाळताना. कपाळावरून टपकन खाली पडलेला थेंब काहीच गार न करता वाया जातो. तो पट्टीने टिपला तर नुकसान नाही, एवढेच. म्हणून पट्टी बांधली तरी पंखा हवा आणि पाणी हवे. पावसाळ्यात हवा ओली असते, घाम वाळत नाही, तेव्हा वेग कमी करावा.

कुस्तीवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. कोल्हापूर आपल्याला जवळ. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912चे. तिथल्या तालमींत लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून हौदा तयार करतात. ती माती अंगाला लागली की घाम शोषला जातो आणि पकड सुटत नाही. तिथे कपाळाला पट्टी चालणार नाही, प्रतिस्पर्धी तीच धरेल! कन्नडमध्ये या जागेला गरडी मने म्हणतात. माती मात्र दोन्हीकडे लाल.

टेनिसमध्ये माती अंगाला लावायची सोय नाही, म्हणून तिथे पट्टी रुजली. 1976 ते 1980 सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकणाऱ्या बियाँ बोर्गचा पट्टा आमच्या वडिलांच्या पिढीला आठवतो, नादालचा आमच्या मुलांना. पण त्याच्याही कितीतरी आधी एका बाईने तो बांधला होता. फ्रान्सची सुझान लेंग्लेन. 1919 ते 1923 आणि पुन्हा 1925, अशी सहा वेळा तिने विम्बल्डन जिंकले. लांब बाह्या आणि कंबर आवळणारे कपडे टाकून ती आखूड झग्यात खेळली आणि डोक्याला रेशमी पट्टा गुंडाळू लागली. लोकांनी आधी नाके मुरडली, मग दुकानांतून तसेच पट्टे विकायला आले. हे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी विचारले, "तिला सासू होती का?" लेंग्लेनचे लग्न झाले नव्हते, हे मी सांगितले नाही.

पट्टी घ्यायची असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे बोल. टॉवेलच्या सुती कापडाची पट्टी पुष्कळ घाम पिते, पण अर्ध्या तासाने जड होते. झटपट वाळणाऱ्या कापडाची हलकी असते, पण धो धो घाम येणाऱ्याला पुरत नाही. बांधल्यावर खाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. घट्ट बांधली तर खरोखरच डोके दुखते, आणि मग सासूबाईंचा पहिला प्रश्न खरा ठरतो. मी आता ती भुवयांवर न बांधता केसांच्या कडेला चढवून बांधते. घाम तिथेच अडतो आणि खाली कुंकवाला जागा राहते. ही युक्ती सासूबाईंचीच. त्यांनीच आठवण करून दिली की पूर्वी बायका आधी मेणाचा टिळा लावत आणि त्यावर पिंजर दाबत. रानात राबताना कुंकू ओघळू नये म्हणूनच ते मेण. माझ्या आईचीही मेणाची डबी होती. मी ती केव्हाच विसरले होते.

टिकलीवाल्यांनी मात्र सांभाळावे. काही टिकल्यांच्या गोंदाने कपाळावर खाज येते, कोणाकोणाला पांढरा डाग पडतो. त्यावर घामट पट्टी आली तर त्रास वाढतो. तासभर टिकली काढून ठेवली तर आकाश कोसळत नाही. आणि पट्टी कोणाला उसनी देऊ नये, मैत्रीण कितीही जवळची असो. ओल्या कपड्यातून गजकर्ण पसरते आणि कपाळावर पुटकुळ्या येतात. रोज साबणाने धुवावी, उन्हात वाळवावी. पर्समध्ये ओली कोंबलेली पट्टी दुसऱ्या दिवशी बांधणाऱ्या मला माहीत आहेत. त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गेल्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एक निवृत्त बाई सायकल मारत होत्या. पट्टी ओली चिंब झालेली. आम्हाला वाटले, आज बाईंनी चांगला जोर लावलाय. त्यांनी पट्टी काढून पिळली आणि पुन्हा बांधली. शेजारच्या मुलीने पाणी द्यायला हात धरला तर तो बर्फासारखा गार आणि थरथरणारा. बाई साखरेच्या गोळ्या घेतात आणि त्या दिवशी दुपारी जेवण चुकवून आल्या होत्या. रक्तातली साखर उतरली होती. सरांनी ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांनी त्यांचा रंग परतला. मग घरून भाकरी मागवून त्यांना जेवायला घातले, आणि मुलगा येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला.

कष्टाचा घाम ऊन असतो, अंग तापलेले असते, थांबलो की हळूहळू ओसरतो. हा घाम गार होता, हात कापत होते, बोलणे तुटक झाले होते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जिमला जाऊ नये आणि जवळ साखर ठेवावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. आणि गार घामाबरोबर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम किंवा मळमळ असेल तर साखरेची वाट न पाहता हॉस्पिटल. बायकांना अशा वेळी छातीत न दुखता नुसता घाम, थकवा आणि मळमळही होऊ शकते, आणि आपण ते पित्तावर ढकलतो. पट्टी घाम टिपते. तो कसला आहे, ते तिला कळत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी हे सगळे सासूबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आत गेल्या आणि मज्जिगेचा तांब्या आणून पुढे ठेवला. मीठ जरा जास्त होते. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून सासऱ्यांचा जुना पटका काढून त्यांनी त्याचे एक टोक फाडले, दुहेरी घडी घालून पट्टी शिवली, मागे ब्लाउजचे इलॅस्टिक लावले. खरे सांगायचे तर मलमल पातळ असते, दहा मिनिटांत भिजते; जिमला ती पुरत नाही. तसे मी त्यांना सांगितलेही. त्यांना वाईट वाटले नाही. दोन दिवसांनी पाहते तर दुपारच्या उकाड्यात भाकरी थापताना माझी निळी, टॉवेलची पट्टी त्यांच्या कपाळावर होती. मी काही बोलले नाही. संध्याकाळी दुकानात जाऊन आणखी दोन आणल्या.