ग्वादलुपे माता आणि मोटारीचा रंग

लॉस एंजेलिसचे मेक्सिकन वंशाचे कित्येक कॅथलिक आपल्या बुटक्या केलेल्या जुन्या मोटारींवर ग्वादलुपे मातेचे चित्र रंगवून घेतात. आमच्या काही मंडळींना ही विटंबना वाटते. आम्हांला ते मान्य नाही. त्या 'कँडी' रंगाची रीत तरी पाहावी: आधी चंदेरी वा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात, शेवटी बिनरंगी लेप. एखादा हात जाड पडला की छटा बिघडते. प्रकाश तळापर्यंत शिरून रंगीत होऊन परततो. चर्चच्या रंगीत काचांत हेच तेज आपण भक्तिभावाने पाहतो ना? कॅलिफोर्नियाने १९५८ पासूनचे बुटक्या मोटारींवरील निर्बंध २०२४ साली उठविले. आपले सोवळे मात्र कायम! सणाच्या आतषबाजीत एका रात्रीत जळणाऱ्या पैशाला आपण कधी विटंबना म्हटले आहे काय?